नव्या शहरात पुस्तकांच्या वाटेने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी, बदली किंवा लग्न यांमुळे अनोळखी शहरात राहायला आलेल्या वाचकांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती कोणत्याही एका शहरापुरती नाहीत. शहर लहान असो वा मोठे, तेथील ग्रंथालये, पुस्तकविक्रेते, नाट्यगृहे, संग्रहालये आणि वर्तमानपत्रे यांची कामाची रीत बरीचशी सारखी असते. ती ठाऊक असली की नवख्या माणसाचे पहिले काही महिने नुसते चाचपडण्यात जात नाहीत.

नव्या शहरात आल्यावर सुरुवात कोठून करावी?

राहत्या घरापासून पायी जाता येईल अशा सार्वजनिक ग्रंथालयापासून करावी. शहरातले सर्वांत मोठे आणि नावाजलेले ग्रंथालय नंतरही पाहता येते. सुरुवातीला ग्रंथालय किती भव्य आहे यापेक्षा तेथे आठवड्यातून दोनदा जाणे आपल्याला जमेल का, याचा विचार अधिक उपयोगी पडतो. नव्याचे नऊ दिवस संपायच्या आत सभासदत्व घेऊन टाकावे, कारण पुस्तक परत करण्याची तारीख ठरलेली असली की पाय आपोआप तिकडे वळतात, आणि तसे बंधन नसले की 'पुढच्या रविवारी जाऊ' असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

पहिल्या भेटीत पुस्तकांच्या कपाटांकडे जाण्याआधी प्रवेशद्वाराजवळचा सूचनाफलक संपूर्ण वाचावा. व्याख्याने, हौशी नाटकांचे प्रयोग, भाषावर्ग, चित्रप्रदर्शने, हरवलेल्या छत्र्या, जुन्या पुस्तकांची विक्री असे सारे काही तेथे एकावर एक टाचलेले असते. ज्या संस्थांकडे जाहिरातीसाठी पैसे नसतात त्यांचे कार्यक्रम बहुधा एवढ्याच एका ठिकाणी जाहीर होतात, आणि शहराचे रोजचे सांस्कृतिक जीवन चालवणाऱ्या संस्थांपैकी पुष्कळशा याच वर्गातल्या असतात.

माझ्याकडे कायमचा पत्ता नाही. मला सभासद होता येईल का?

बहुतेक ठिकाणी होता येते. भाडेकरार, नोकरीच्या ठिकाणचे पत्र किंवा विद्यार्थी ओळखपत्र चालते का, हे विचारावे. काही ग्रंथालये अनामत रक्कम घेऊन तात्पुरते सभासदत्व देतात. शिवाय अनेक ग्रंथालयांत घरी पुस्तक नेण्यासाठी सभासदत्व लागते, पण वाचनकक्षात बसून वाचण्यास कोणाचीही हरकत नसते. सार्वजनिक ग्रंथालयांविषयी युनेस्कोने १९४९ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या सहकार्याने १९९४ व २०२२ साली नव्याने मांडलेला जाहीरनामा असे म्हणतो की ही सेवा वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा किंवा सामाजिक दर्जा यांवरून भेद न करता सर्वांना मिळावी. जाहीरनाम्याला कायद्याचे बळ नाही, त्यामुळे तो खिडकीपाशी फडकवून उपयोग नाही. परंतु आपण कोणाकडे उपकार मागायला आलेलो नाही एवढा विश्वास त्यातून जरूर मिळतो.

प्रेक्षणीय स्थळे पाहून झाली आहेत. स्थानिक संस्कृती कळण्यास तेवढे पुरेसे नाही का?

प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत मुख्यत्वे इमारती, पुतळे आणि बागा असतात, आणि ती यादी दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याच्या सोयीने केलेली असते. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी युनेस्कोने २००३ साली जो करार केला त्यात या वारशाची पाच क्षेत्रे सांगितली आहेत: भाषेसह मौखिक परंपरा, प्रयोगरूप कला, सामाजिक रीती व उत्सव, निसर्गाविषयीचे ज्ञान आणि पारंपरिक कारागिरी. या पाचांत इमारत कोठेही नाही. बोलणे, गाणे, जमणे, जाणणे आणि घडवणे ही सारी माणसांच्या अंगची कामे आहेत, आणि ती पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी जावे लागते. एकाच वेळच्या भेटीत नाट्यगृह दिसते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कोणत्या विनोदावर पुढच्या रांगा हसतात आणि कोणत्यावर मागच्या, हे लक्षात येऊ लागते.

ग्रंथपालांना नेमके काय विचारावे?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर दिले आहे.

वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवे असलेले नसते, हा ग्रंथपालांचा नित्याचा अनुभव आहे. सॅम्युएल ग्रीन या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ साली असे प्रतिपादन केले की ग्रंथपालाने वाचकांशी मोकळेपणाने बोलून त्यांची गरज समजून घेतली पाहिजे. पुढे याच विचारातून ग्रंथालयांचा संदर्भसेवा विभाग आकाराला आला. तेव्हा संदर्भ विभागात बसलेल्या व्यक्तीचा वेळ घेणे म्हणजे तिला त्रास देणे, असा संकोच बाळगू नये. तेच तिचे काम आहे. फक्त ग्रंथालय उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ टाळावी.

मी स्वतः एका नव्या शहरात 'या शहरावरचे एखादे चांगले पुस्तक द्या' असे विचारले होते आणि माझ्या हातात गुळगुळीत कागदाचे, रंगीत छायाचित्रांचे एक जाडजूड पुस्तक आले, ज्यातली सगळी ठिकाणे मी आधीच पाहिली होती. दोष देणाऱ्याचा नव्हता. प्रश्नच सैल होता. प्रश्न जितका अरुंद, तितके उत्तर खोल जाते. 'मी राहतो त्या वस्तीचे नाव कशावरून पडले, हे कोठे वाचायला मिळेल?' असे विचारावे. 'येथील जुन्या पूराविषयी, आगीविषयी किंवा संपाविषयी कोणी लिहिले आहे का?' असे विचारावे. 'कोणते स्थानिक लेखक या ग्रंथालयाचे सभासद होते?' हाही चांगला प्रश्न आहे. आणि थोडी ओळख झाल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा: 'या शहराविषयीचे कोणते पुस्तक वाचून येथील लोक चिडले होते?' शहराला स्वतःविषयी काय ऐकायला आवडत नाही, हे कळले की त्याला स्वतःविषयी काय वाटते हेही कळते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला चौथा नियम 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. नेमका प्रश्न विचारणारा वाचक या नियमाच्या पालनात आपला वाटा उचलत असतो.

स्थानिक विषयांची पुस्तके कपाटांत कशी शोधावीत?

जगातील पुष्कळ ग्रंथालये मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. तिच्यातले मोजके क्रमांक लक्षात ठेवले तर कोणत्याही शहरात चुकल्यासारखे होत नाही. लोकसाहित्य ३९८ या क्रमांकाखाली असते, वास्तुकला ७२० च्या आसपास, रंगभूमी ७९२ खाली, प्रवास व भूगोल ९१० पासून पुढे, तर निरनिराळ्या प्रदेशांचा इतिहास ९३० ते ९९० या पट्ट्यात असतो. कथा, कविता व नाटके ८०० च्या वर्गात भाषेनुसार लावलेली असतात, मात्र अनेक ग्रंथालये कादंबऱ्यांना वर्गांक न देता लेखकाच्या नावाने वेगळ्या कपाटात ठेवतात. काही ठिकाणी ड्युईंऐवजी सार्वत्रिक दशांश वर्गीकरण किंवा रंगनाथन यांची १९३३ सालची द्विबिंदू पद्धत दिसते. तेथे फलक वाचून मार्ग काढावा.

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की एका शहराविषयीची पुस्तके एका क्रमांकाखाली कधीच सापडत नाहीत. शहरातल्या एखाद्या गिरणीचा इतिहास उद्योगांत जातो, डॉक्टरचे आत्मचरित्र चरित्रांत, नदीवरचे पुस्तक भूगोलात आणि बोलीवरचे भाषाशास्त्रात. म्हणून बऱ्याच ग्रंथालयांत स्थानिक संग्रहाचे स्वतंत्र कपाट किंवा दालन केलेले असते आणि त्यातली पुस्तके घरी देत नाहीत. ते कपाट कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. संगणकावरच्या ग्रंथतालिकेत शोध घेताना केवळ शहराचे नाव न घालता वस्त्यांची, नद्यांची, टेकड्यांची आणि बाजारांची नावे घालून पाहावीत; शहराचे नाव कधी बदलले असेल किंवा त्याचे लेखन पूर्वी निराळे होत असेल, तर ती जुनी रूपेही घालून पाहावीत. कित्येकदा जुन्या नावाखाली नव्याहून अधिक पुस्तके निघतात.

कोणत्या प्रकारची पुस्तके आधी वाचावीत?

इतिहासाच्या मोठ्या ग्रंथाने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराच्या स्थापनेपासूनचा सलग इतिहास वाचताना नवख्या वाचकाला ठिकाणे ओळखीची नसतात, म्हणून नावे मनात ठरत नाहीत आणि तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटले जाते. तो ग्रंथ सहा महिन्यांनी वाचला तर त्याच नावांना रस्ते, वळणे आणि चेहरे लाभलेले असतात.

सुरुवात आत्मचरित्रांनी करावी, आणि तीही फार प्रसिद्ध नसलेल्या माणसांच्या. शिक्षक, परिचारिका, वकील, कारखान्यातले कामगार, मुद्रक अशा लोकांनी निवृत्तीनंतर लिहिलेली पुस्तके साहित्य म्हणून थोर नसतील. परंतु कोणत्या रस्त्याने शाळेत जात असू, कोणत्या वर्षी नळाचे पाणी आले, कोणत्या वस्तीत घर मिळत नसे, हे त्यांत सहज येऊन जाते. मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रांत शहर लवकर मागे पडते आणि राजधान्या सुरू होतात.

दुसरा उपेक्षित प्रकार म्हणजे संस्थांच्या स्मरणिका. शाळा, नाट्यसंस्था, व्यायामशाळा, सहकारी पतपेढी किंवा खुद्द ग्रंथालय यांनी पन्नास किंवा शंभर वर्षे पूर्ण झाल्याबद्दल काढलेल्या या पुस्तिकांत शुभेच्छांची आणि जाहिरातींची पानेच जास्त, म्हणून वाचक त्या बाजूला सारतात. वास्तविक त्या जाहिरातींची पानेच आधी पाहावीत. कोणती दुकाने होती, कोणत्या रस्त्यावर होती, कोणाचा कोणता व्यवसाय होता आणि कोणाला आपले नाव या संस्थेबरोबर छापले जावे असे वाटत होते, हे त्यांवरून समजते.

रस्त्यांच्या व वस्त्यांच्या नावांची माहिती देणारे पुस्तक मिळाले तर ते विकतच घ्यावे, कारण ते एका बैठकीत वाचायचे नसून रोज थोडे थोडे, चालून आल्यावर उघडायचे असते. जुन्या प्रवासी मार्गदर्शिका याही अशाच कामाच्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शिकेने जी ठिकाणे अवश्य पाहा म्हणून सांगितली त्यांतली आजच्या यादीतून कोणती गळली, हे जुळवून पाहण्यात एक सबंध दुपार आनंदात जाते.

कादंबऱ्यांवरून शहराविषयी अंदाज बांधावा का?

बांधावा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. कादंबरी कोणत्या काळाविषयी लिहिली आहे आणि कोणत्या काळात लिहिली आहे, या दोन तारखा वेगळ्या असतात. शीर्षकपृष्ठामागची पहिल्या आवृत्तीची नोंद पाहिल्याशिवाय दुसरी तारीख कळत नाही. तसेच लेखक शहरात जन्मला की बाहेरून आला, यावरून त्याची नजर बदलते. जन्मापासून राहिलेल्याला जे सांगण्याजोगे वाटत नाही ते बाहेरून आलेला बारकाईने टिपतो, आणि बाहेरून आलेल्याला जे विचित्र वाटते ते आतल्याला गृहीत असते. दोन्ही प्रकारचे एकेक पुस्तक पाठोपाठ वाचावे. गुन्हेगारीच्या कादंबऱ्यांकडे नाक मुरडू नये. तपास करणाऱ्याला सगळ्या थरांतल्या घरांत शिरावे लागते, त्यामुळे शहराचा आडवा छेद अशा पुस्तकांत अनेकदा गंभीर कादंबऱ्यांपेक्षा चांगला मिळतो.

स्थानिक पुस्तके ऑनलाइन दुकानांत का सापडत नाहीत?

ऑनलाइन विक्रीची यंत्रणा मुख्यतः आयएसबीएन या पुस्तकक्रमांकावर चालते. हा क्रमांक पूर्वी दहा अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला असून ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. लेखकाने स्वखर्चाने छापलेली किंवा एखाद्या संस्थेने काढलेली पुस्तिका हा क्रमांक घेतेच असे नाही, आणि ही क्रमांकपद्धत सुरू होण्याआधीच्या काळातल्या पुस्तकांना तो नसतोच. असे पुस्तक कपाटात असते, लोकांच्या घरांत असते, पण पडद्यावर नसते. छपाईही बहुधा काही शे प्रतींची असते आणि प्रती लेखकाच्या घरी, छापखान्यात किंवा एखाद्या जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे पडून असतात. म्हणून पुस्तकविक्रेत्याकडे 'या शहरातले प्रकाशक कोणते?' अशी चौकशी करावी आणि आवडलेल्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागे छापलेला मुद्रकाचा व प्रकाशकाचा पत्ता पाहावा. एका स्थानिक प्रकाशकाची सूची हाती लागली की पुढची वीस पुस्तके तीच सांगते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत काय पाहावे?

आत लिहिलेली नावे, अर्पणपत्रिकेखालच्या सह्या, बक्षीस म्हणून दिल्याचे शाळेचे शिक्के आणि पानांत राहून गेलेली तिकिटे पाहावीत. दुकानदार रद्दीतून आलेला माल कोणत्या वारी लावतो, तेही विचारून ठेवावे.

मला येथील भाषा येत नाही. तरीही हे सारे शक्य आहे का?

शक्य आहे, मात्र क्रम बदलतो. आधी आपल्याला येणाऱ्या भाषेतले अनुवाद वाचावेत आणि त्याच वेळी स्थानिक भाषेतली लहान मुलांची पुस्तके चाळावीत. मुलांच्या पुस्तकांत वाक्ये छोटी असतात, चित्रे अर्थ सांगतात, आणि मोठ्यांना जी गाणी व कोडी पाठ असल्याचे गृहीत धरले जाते ती तेथे छापलेली असतात. प्रौढ वाचकाला मुलांच्या दालनात बसायला संकोच वाटतो. लहान भावंडांसाठी पाहतो आहे असे सांगण्याची गरज नाही, खरे कारण सांगितल्यास मदत अधिक मिळते.

दुकानांच्या पाट्या, बसच्या मार्गांची नावे आणि नाटकांची भित्तिपत्रके ही पुढची पायरी. 'बारा कोसांवर भाषा बदलते' असे आपण म्हणतो ते केवळ खेड्यांच्या बाबतीत खरे नाही. मोठ्या शहरात दोन वस्त्यांच्या बोलीतही अंतर असते, आणि पुस्तकी भाषा शिकून आलेल्याला बाजारातले बोलणे परके वाटते. त्यासाठी नाटकाला जावे. संवाद ऐकू येतो, हावभाव दिसतात आणि शेजारचे लोक कशावर दाद देतात ते कळते. २१ फेब्रुवारी हा दिवस २००० सालापासून आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास होणारे कार्यक्रम बहुभाषक असण्याची शक्यता अधिक असते.

रोजचे वर्तमानपत्र वाचल्याने काही उपयोग होतो का?

होतो, पण पहिल्या पानाचा नाही. स्थानिक पुरवणी, वाचकांचा पत्रव्यवहार, 'आजचे कार्यक्रम' ही चौकट आणि निधनवार्ता या क्रमाने वाचावे. वाचकांच्या पत्रांतून शहरातली भांडणे कळतात: कोणता पूल, कोणते झाड, कोणत्या चौकाचे नाव. निधनवार्तांतून अशा माणसांची ओळख होते ज्यांनी चाळीस वर्षे एखादे वाचनालय किंवा गायनवर्ग चालवला आणि ज्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. आपण उशिरा आलो, ही रुखरुख अशा वेळी लागते.

वाचनाची आणि पायी फिरण्याची सांगड कशी घालावी?

शहरात आल्यावर पहिल्या आठवड्यात, कोणताही नकाशा न पाहता, आठवणीतून शहराचा नकाशा काढावा आणि त्यावर तारीख घालून तो ठेवून द्यावा. ही कल्पना माझी नाही. केविन लिंच या नगररचनेच्या अभ्यासकाने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या रहिवाशांना असेच नकाशे काढायला लावले होते, आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात लोकांच्या मनातले शहर पाच घटकांचे बनलेले असते असे दाखवले: मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा. नवख्याच्या नकाशात घर, कामाचे ठिकाण आणि त्यांना जोडणारी एक रेघ एवढेच असते. बाकी सगळा कागद कोरा.

त्यानंतर एखादे पुस्तक वाचताना त्यातली ठिकाणे पेन्सिलीने या कोऱ्या भागात मांडत जावे आणि सुटीच्या दिवशी त्यांतल्या दोनच ठिकाणी चालत जावे. दोनच, कारण दहा ठिकाणांची फेरी पुन्हा पर्यटन होते. जुना नकाशा मिळाला तर तो आजच्या नकाशाशेजारी ठेवावा. बुजलेला ओढा आजही वळणदार गल्लीच्या रूपाने दिसतो आणि पाडलेल्या तटबंदीच्या जागी बहुधा रुंद रस्ता आलेला असतो. आजच्या नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला आणि स्वयंसेवकांनी भरत आणलेला नकाशा उपयोगी पडतो, कारण त्यात पाऊलवाटा, विहिरी आणि बाक अशा बारीक गोष्टीही अनेकदा नोंदलेल्या असतात.

सोबत हवी असेल तर नागरिकांनी चालवलेल्या पदभ्रमंतीत सामील व्हावे. शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ साली टोरांटो येथे सुरू झालेल्या 'जेन्स वॉक' या उपक्रमात रहिवासीच आपल्या वस्तीत लोकांना विनामूल्य फिरवतात, आणि तो आता जगातल्या अनेक शहरांत मे महिन्याच्या सुरुवातीस होतो. १९९२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'ओपन हाउस' उपक्रमाचे अनुकरण करणाऱ्या शहरांत एरवी बंद असलेल्या वास्तू ठरावीक दिवशी आतून पाहता येतात.

कोणत्या दिवसांत कार्यक्रम अधिक असतात?

१८ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय स्मारक व स्थळ दिन आणि २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन पाच दिवसांच्या अंतराने येतात, त्यामुळे वारसास्थळे आणि ग्रंथालये या दोहोंकडे त्या सुमारास काही ना काही चालू असते. २७ मार्च जागतिक रंगभूमी दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. या दिवसांची भाषणे चुकली तरी चालतील. त्या निमित्ताने उघडलेली दालने चुकवू नयेत.

वाचक मंडळात अनोळखी माणसाने कसे जावे?

आधी पत्र किंवा संदेश पाठवून यायचे का ते विचारावे, त्या बैठकीचे पुस्तक निदान निम्मे वाचून जावे आणि पहिल्या दोन बैठकांत बहुतांशी ऐकावे. जुन्या मंडळांत सभासदांचे आपापसांतले वाद वर्षानुवर्षांचे असतात. एखाद्या लेखकाचे नाव काढताच सगळे गप्प होतात तेव्हा त्यामागचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. 'आमच्याकडे असे असते' हे वाक्य शक्य तितके कमी उच्चारावे. मात्र कोणी तुमच्या गावचे, तुमच्या भाषेतले पुस्तक विचारले तर मागे हटू नये. देवाणघेवाण एकाच बाजूने फार काळ चालत नाही. खुर्च्या मांडायला आणि उचलायला मदत करणाऱ्याची ओळख सर्वांत लवकर होते, हे अनुभवाने सांगतो.

अभिलेखागारे सामान्य वाचकांसाठी असतात का?

पुष्कळशी असतात, आणि तेथे जायला संशोधक असणे आवश्यक नसते. ओळखपत्र लागते, शाई चालत नाही म्हणून पेन्सिल न्यावी लागते आणि कागद आधी मागवून ठेवावे लागतात. जुनी वर्तमानपत्रे अनेकदा मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांची अगदी लहान छायाचित्रे असलेल्या फितीवर, असतात. आपण राहतो त्या रस्त्याविषयीचा एखादा कागद मागवून सुरुवात करावी; संपूर्ण शहराची मागणी केली तर कर्मचारी हसतील, आणि योग्यच करतील.

विनामूल्य डिजिटल पुस्तके कोठे मिळतात?

इंटरनेट अर्काइव्ह हा १९९६ सालापासूनचा संग्रह प्रथम पाहावा. बर्न येथे १८८६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आजच्या स्वरूपानुसार लेखकाच्या हयातीनंतर सर्वसाधारणपणे किमान ५० वर्षे कॉपीराइट टिकतो. भारतात ही मुदत ६० वर्षांची आणि अनेक देशांत ७० वर्षांची आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की शहरांची जुनी वर्णने, गॅझेटियरे आणि प्रवासवृत्ते सहज मिळतात, परंतु गेल्या दोन-तीन पिढ्यांविषयीची पुस्तके मिळत नाहीत. केवळ पडद्यावर वाचणाऱ्याच्या मनात म्हणूनच शहर शंभर वर्षे जुने राहते.

मी फक्त सहा महिन्यांसाठी आलो आहे. एवढ्या वेळात काय करावे?

एक वस्ती, एक ग्रंथालय, एक नाट्यगृह आणि एक लेखक निवडावा. बाकी सोडून द्यावे.

शहर सोडताना जमलेल्या पुस्तकांचे व कागदांचे काय करावे?

बाजारात सहज मिळणारी पुस्तके ओळखीच्यांना देऊन टाकावीत. परंतु नाटकांची तिकिटे, प्रदर्शनांची पत्रके, व्याख्यानांच्या निमंत्रणपत्रिका आणि स्वतः काढलेली रस्त्यांची छायाचित्रे फेकू नयेत. हे कागद कोणी जपून ठेवत नाही, म्हणूनच तीस वर्षांनी ते कोठेच सापडत नाहीत. ग्रंथालयाच्या स्थानिक संग्रहाकडे आधी चौकशी करावी, कारण जागेअभावी प्रत्येक ग्रंथालय देणगी स्वीकारतेच असे नाही. ते तयार असतील तर प्रत्येक कागदामागे दिनांक आणि ठिकाण पेन्सिलीने लिहावे, छायाचित्रांवर दिसणाऱ्या चौकाचे नाव घालावे आणि सारे एका लिफाफ्यात, यादीसह, सुपूर्त करावे. आठवणीतून काढलेला पहिल्या आठवड्याचा नकाशाही त्यात घालायला हरकत नाही.